वसमतच्या छोट्या मसाला युनिटला कायमची गिऱ्हाइकं कशी जोडावीत? ऑनलाइन की गावोगाव फिरून?

हळदीचं गाव

नमस्कार मंडळी. वसमतला आमचं हळद, मिरची पावडर आणि काळ्या मसाल्याचं छोटं युनिट आहे. एक पल्वरायझर (दळायचं मशीन), एक पॅकिंग मशीन, घरची माणसं आणि कामाला दोन बायका. महिन्याला सहा क्विंटलपर्यंत माल निघतो, नऊ क्विंटल सहज निघू शकतो. फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर, जीएसटी नंबर आणि उद्यम नोंदणी हे सगळं आहे.

विक्री सध्या ओळखीपाळखीत आणि गावातल्या काही दुकानांत होते. उद्योजकांच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. तिथं दिवसभर जाहिराती पडतात, कोणी कोणाचं वाचत नाही.

विचारायचं ते असं :
१) नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर या पट्ट्यात दुकानदार, आचारी, मेसवाले यांच्याशी टिकणारा व्यवहार जोडायचा तर सुरुवात कुठून करावी?
२) गूगल आणि इंडियामार्ट (घाऊक खरेदी-विक्रीची वेबसाइट) यांवर किती वेळ घालावा?
३) फी भरून बिझनेस क्लबात जावं का?
४) उधारी किती द्यावी?

जाहिरातीवर महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च झेपणार नाही.

---

मोंढा रोड

ताई, आधी हिशोब मांडा, म्हणजे किती माणसं जोडायची ते कळेल. तुमच्याकडे महिन्याला तीन क्विंटल, म्हणजे ३०० किलो माल जास्तीचा निघू शकतो.

शंभर पोरांची, दोन वेळच्या जेवणाची मेस धरा. महिन्याला सहा हजार ताटं होतात. ताटामागं हळद एक ग्रॅम, तिखट दोन-अडीच ग्रॅम, काळा मसाला एक-सव्वा ग्रॅम धरला तर तिन्ही मिळून २५ ते ३० किलो माल लागतो. म्हणजे अशा दहा-अकरा मेस पक्क्या झाल्या की तुमचं मशीन भरलं. तेवढाच माल किराणा दुकानांतून पाकिटांत विकायचा तर दुकानामागं पाच-सात किलो धरून पंचेचाळीस ते साठ दुकानं लागतील, आणि तेवढी दुकानं महिन्यातून दोनदा फिरावी लागतील. लग्नाचे आचारी तिसरे. पाचशे पानांच्या पंगतीलाही हळद थोडीच जाते. त्यामुळे एकेक लग्न धरू नका, हंगामात तीस-चाळीस लग्नं करणारा आचारी धरा.

म्हणून माझ्या मते क्रम असा : आधी मेस आणि खानावळी, मग आचारी, मग दुकानं. दुकानात नाव दिसतं, पण पैसा अडकतो आणि पाकिटांचा खर्च वेगळा. मेसला पाच किलोची साधी पिशवी चालते.

आता वेळ. नांदेड आणि लातूरला शिकवण्यांमुळे मेस भरपूर आहेत, पण तिथं ऑगस्टमध्ये जाऊन उपयोग नाही. नव्या वर्षाची पोरं जून-जुलैत येतात, मेसवाला किराण्याचा माणूस त्याआधी ठरवतो. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की मेस रिकाम्या होतात, मालकाला निवांत वेळ असतो. तेव्हाच भेटा. आचाऱ्यांकडे तुळशीच्या लग्नाआधी पंधरा-वीस दिवस जा. चातुर्मासात त्यांच्याकडे काम कमी असतं, बोलायला वेळ मिळतो, पण त्या वेळी मालाची ऑर्डर मागू नका, फक्त नमुना द्या. किराणा दुकानात दुपारी दोन ते चारमध्ये जा. सकाळी आणि दिवेलागणीला गल्ल्यासमोर गिऱ्हाईक असतं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दुकानाची पायरी चढू नका.

नमुना देताना लोक हमखास चुकतात. पन्नास ग्रॅमची पुडी आचाऱ्याला काहीच सांगत नाही. मेसला तिन्ही मसाले पाव-पाव किलो द्या, एका वेळच्या भाजीला पुरतील एवढे. पुडीवर दळल्याची तारीख, बॅच नंबर, किलोचा करासहित भाव आणि तुमचा मोबाईल नंबर लिहा. भाव पुडीवरच असला की मालक आणि आचारी दोघांना एकच आकडा कळतो. नमुना मालकाच्या हातात देऊन निघून येऊ नका. स्वयंपाकघरात आचाऱ्याला भेटा. पैसे मालक देतो, पण "या तिखटाला रंग नाही" हे आचारीच म्हणतो आणि तिथंच व्यवहार तुटतो.

नमुना दिल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा. "ऑर्डर देता का" असं विचारू नका. "रस्सा केला होता का, तर्री कशी आली, तिखटपणा कमी पडला का" हे विचारा. दहाव्या दिवशी प्रत्यक्ष जा. महिन्याभरात तीन संपर्क होऊनही होय-नाही काहीच आलं नाही तर ते नाव पुढच्या हंगामाच्या यादीत टाका. रोज फोन करून माणूस तोडू नका.

एक वही घाला, मोबाईलमध्ये नको. रकाने हे : नाव, गाव, मालक कोण, आचारी कोण, सध्या कुणाचा माल घेतात, महिन्याचे अंदाजे किलो, नमुन्याची तारीख, काय म्हणाले, पुढचा फोन कधी. शेवटचा रकाना रोज सकाळी बघायचा. संबंध टिकतो तो या रकान्यावर. सांगितलेल्या दिवशी फोन आला, सांगितलेल्या दिवशी माल आला, एवढं सहा महिने झालं की समोरचा दुसरा भाव विचारायला सहसा जात नाही.

---

पूर्णाकाठ

मोंढा रोड यांनी जमिनीवरचं सांगितलं, मी ऑनलाइनचं सांगतो. दिवसाला चाळीस-पन्नास मिनिटांच्या वर यात घालवू नका, पण ती रोज घाला.

गूगलवरची व्यवसाय नोंद फुकट आहे, ती आधी करा. नाव पाटीवर आहे तेवढंच टाका. "वसमत नंबर वन शुद्ध हळद पावडर होलसेल" असं लांबलचक नाव टाकलं की नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती परत मिळवायला आठवडे जातात. पडताळणी आता बहुतेक वेळा व्हिडिओने मागतात. एकाच सलग चित्रणात रस्ता, शेजारची दुकानं, तुमची पाटी, कुलूप उघडताना तुम्ही, आणि आतलं मशीन दिसलं पाहिजे. मध्ये तुकडे जोडलेला व्हिडिओ चालत नाही. युनिट घरातच असेल आणि गिऱ्हाईक घरी यायला नको असेल तर पत्ता लपवून फक्त माल पोचवण्याचा परिसर दाखवता येतो.

अभिप्राय मागताना लिंक पाठवा, पण त्याबदल्यात सूट किंवा पाकीट देऊ नका, ते गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. माल पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी, एका वेळी एकालाच मागा. एकाच दिवशी घरच्या वायफायवरून पंधरा अभिप्राय पडले तर ते गळतात. मेसवाल्याने "नांदेडला दर महिन्याला माल वेळेवर येतो" एवढं लिहिलं तरी दुसऱ्या मेसवाल्याला ते पाच ताऱ्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप वापरा, तेही फुकट आहे. नंबर वेगळा ठेवा, घरचा नको. त्यात चार गोष्टी कराच.

कॅटलॉग : पाचशेपर्यंत वस्तू बसतात, तुम्हाला दहा-बाराच लागतील. प्रत्येक वस्तूला वजन, करासहित भाव, किमान ऑर्डर. "भावासाठी फोन करा" असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत जातात.

लेबल : "नमुना दिला", "पहिली ऑर्डर", "नियमित", "पैसे बाकी". कोणती चॅट कुठल्या टप्प्यावर आहे ते उघडताच दिसतं.

ब्रॉडकास्ट यादी : एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. ग्रुपमधून उचललेले नंबर यादीत भरून काही होत नाही. भेटीत असतानाच समोरच्याला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, आणि त्याच्या फोनवर तुमचा "नमस्कार" तिथंच जाऊ द्या. मेस, आचारी, दुकानदार यांच्या याद्या वेगळ्या ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, भाव किंवा ताज्या दळपाची तारीख एवढंच पाठवा. रोजचं सुप्रभात नको. अनोळखी लोकांना घाऊक संदेश गेले आणि त्यांनी तक्रार केली तर नंबरच बंद होतो, आणि पाटीवर, पाकिटावर छापलेला नंबर बंद होणं फार महाग पडतं.

जलद उत्तर : बँक तपशील, भावपत्रक, माल पाठवण्याचे वार हे आधी लिहून ठेवा.

पहिला संदेश कसा असावा, नमुना देतो :

"नमस्कार. वसमतहून बोलतोय. आम्ही हळद, तिखट, काळा मसाला दळतो. नांदेडला दर मंगळवारी आणि शुक्रवारी माल येतो. मेससाठी पाच किलोची पिशवी असते. आपल्याकडे महिन्याला साधारण किती लागतो? हरकत नसेल तर शुक्रवारी पाव किलो नमुना देऊन जातो."

यात स्तुती नाही, फोटोंचा ढीग नाही, आणि शेवटी एक साधा प्रश्न आहे ज्याचं उत्तर देता येतं. मोठी व्हॉइस क्लिप पाठवू नका. दुकानात उभा माणूस ती ऐकत नाही.

ग्रुपबद्दल. ग्रुप सोडू नका, पण तिथं माल विकू नका. कुणी विचारलं, "परभणीत पाऊच छापून देणारा कोण", तर तुमच्या माहितीतला सांगा. कुणाच्या प्रश्नाचं उत्तर द्या. मग त्या एका माणसाला वेगळा फोन करा.

इंडियामार्टवर एकच चौकशी एकाच वेळी अनेक विक्रेत्यांकडे जाते, हे धरून चाला. दहा-पंधरा मिनिटांत फोन केला तर बोलणं होतं, संध्याकाळी केला तर समोरचा वैतागलेला असतो. आधी फुकट नोंदीवर राहा, वर्षाचं पॅकेज घ्यायची घाई नको. आणि फसवणुकीचा एक ठराविक प्रकार लक्षात ठेवा : "लष्कराच्या कॅन्टीनमधून बोलतोय, पाच क्विंटल हळद पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. असं झालंच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

मोठ्या ऑर्डरच्या माणसाचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर तपासा, त्याला लॉगिन लागत नाही. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. नाव जुळतं का, स्थिती चालू आहे का, आणि रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात का, हे तिन्ही बघा.

---

जमाखर्च

उधारी आणि बिलाचं मी सांगतो. याच ठिकाणी सगळ्यात जास्त संबंध तुटतात, आणि कारण बहुतेक वेळा बोलण्यातलं नसतं, कागदातलं असतं.

ठोक व्यापारी नाराज कशामुळे होतो ते बघा. तुमची उलाढाल पाच कोटींच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिमाही रिटर्नच्या योजनेत असण्याची शक्यता जास्त. एप्रिलमध्ये केलेलं बिल तुम्ही तिमाही जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे १३ जुलैपर्यंत दाखवलं तर व्यापाऱ्याच्या २बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या कर वजावटीच्या यादीत, ते जुलैतच दिसेल. तोपर्यंत त्याचा कर अडकतो. उपाय आहे : तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. १४ तारखेला त्याच्या २बी मध्ये ती दिसतात. तुमच्या कर सल्लागाराला हे आजच सांगा. जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं दर महिन्याला चढलीच पाहिजेत.

मेसचं उलट आहे. जेवण देणारे बहुतेक लोक एक तर नोंदणीतच नसतात, किंवा पाच टक्क्यांच्या अशा योजनेत असतात की त्यांना खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. त्यांना "भाव अधिक जीएसटी" सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं. करासहित एकच आकडा सांगा.

भावाची उतरंड उलटी मांडा, छापील किमतीपासून खाली. समजा २०० ग्रॅम हळदीची छापील किंमत ६० रुपये. दुकानदाराला १८ टक्के सोडले की १०.८० गेले, राहिले ४९.२०. त्यातून ठोकवाल्याला ६ टक्के, म्हणजे २.९५ गेले, राहिले ४६.२५. हे पाच टक्के करासहित आहेत. कर काढला तर हातात ४४.०५, म्हणजे किलोला साधारण २२० रुपये. यात कच्ची हळद, दळताना आणि चाळताना जाणारी तूट, पाऊच, मजुरी, भाडं, आणि परत आलेली पाकिटं बसली पाहिजेत. बसत नसतील तर ठोकवाल्याचा टप्पा सध्या नको, थेट दुकान धरा. सुरुवातीला एका गावात थेट दुकानांना एक भाव आणि मग त्याच गावात ठोकवाला नेमला, तर दोघंही रुसतात. गाव निवडतानाच ठरवा : इथं आपण थेट, तिथं ठोकवाला.

उधारीची शिस्त. पहिला माल रोख किंवा यूपीआय. दुसऱ्या-तिसऱ्या मालाला सात दिवस. तीन बिलं वेळेत आली की पंधरा दिवस. मर्यादा रकमेचीही ठेवा : नव्या माणसाकडे एका बिलापेक्षा जास्त बाकी नको. नवा माल द्यायला जाल तेव्हा मागचं बिल घ्यायचं. "पुढच्या खेपेला दोन्ही देतो" या वाक्यावर माल उतरवला की दोन्ही बिलं लांबतात. प्रत्येक ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहून कळवा : माल, वजन, भाव, पैसे देण्याची तारीख. समोरच्याचं "ओके" आलं की भांडणाचं कारणच उरत नाही.

तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून आहे, तिचा उपयोग करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय खरेदीदार मुदतीत पैसे देत नसेल तर आयकरात तो खर्च पैसे दिलेल्या वर्षीच धरला जातो. व्यापारी हे कलम "४३ बी एच" म्हणून ओळखतात. बिलावर उद्यम क्रमांक आणि "सूक्ष्म उत्पादक उद्योग" छापा. मोठ्या खरेदीदाराच्या लेखापालाला तेवढं पुरतं. पण अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला या तरतुदीचा काही फरक पडत नाही, त्याच्यासमोर कायदा काढू नका. नुसती मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणीवर हे संरक्षण मिळत नाही, म्हणून तुमच्या नोंदणीत काम "उत्पादन" असंच आहे ना, ते एकदा बघून घ्या.

---

लातूरकर

क्लबांचा मुद्दा राहिला. बीएनआयसारख्या (एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवणाऱ्या व्यावसायिकांचा क्लब) ठिकाणी एका शाखेत एका धंद्याचा एकच माणूस घेतात, दर आठवड्याला सभा असते, हजेरी लागते, वर्षाची फी असते. सॅटर्डे क्लब हे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेलं जाळं. तिथंही सभा आणि संदर्भ देणं-घेणं चालतं. दोन्ही चांगले, पण तुमच्या मालाला कितपत उपयोगी ते हिशोबाने ठरवा. वर्षाची फी, अधिक सभांचा चहा-नाश्ता, अधिक येण्या-जाण्याचं पेट्रोल, ही बेरीज करा आणि किलोमागच्या निव्वळ नफ्याने भागा. समजा बेरीज ६० हजार आणि किलोमागं १५ रुपये सुटतात, तर नुसती फी भरून निघायला चार हजार किलो जास्तीचा माल विकावा लागेल. तुमची वर्षाची मोकळी क्षमताच ३,६०० किलो आहे. म्हणजे आत्ता नाही. पुढं भेटवस्तूचे मसाला संच किंवा कंपन्यांच्या कॅन्टीनचा माल सुरू केलात तर हाच हिशोब बदलेल. तोवर पाहुणे म्हणून एखाद्या सभेला जाऊन बघा.

अशा सभेत उभं राहून बोलायची वेळ आली तर "मी मसाल्याचा व्यवसाय करते, कुणाला लागले तर सांगा" याने काही निघत नाही. मागणी नेमकी हवी : "नांदेडच्या श्याम नगर, बाबानगर भागात पन्नासपेक्षा जास्त पोरांची मेस चालवणाऱ्या एका मालकाशी मला ओळख हवी आहे." ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच एखादं नाव येतं. संदर्भ मिळाला की चोवीस तासांत फोन करायचा, आणि काय झालं ते ज्यानं नाव दिलं त्याला कळवायचं, व्यवहार झाला नाही तरी. हे न कळवल्यामुळे दुसरं नाव कधीच मिळत नाही.

फी न भरता होणारं जाळं तुमच्या शेजारीच आहे. तुमच्याच दुकानांत आणि मेसमध्ये जाणारे पण तुमचा माल न विकणारे चार-पाच जण शोधा : पापड-शेवयावाला, लोणच्याचा, घाण्याच्या तेलाचा, पोहे-मुरमुऱ्याचा. नांदेडला एकाच टेम्पोत सगळ्यांचा माल, भाडं वजनावर वाटून. प्रत्येकाने आपली दहा चांगली दुकानं दुसऱ्याला दाखवायची. नियम मात्र आधी कागदावर लिहा : भाडं कोण कधी देणार, वसुली ज्याची त्यानेच करायची, आणि पैसे बुडवणाऱ्या दुकानाचं नाव सगळ्यांना त्याच आठवड्यात सांगायचं. वसुली एकाकडे सोपवली की सहा महिन्यांत ही मोट सुटते, कारण जमा झालेले पैसे आधी कुणाच्या खात्यात धरायचे यावर वाद होतो.

मेळावे बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठात १८ मे आणि १७ सप्टेंबरला शेतकरी मेळावे भरतात. तिथं सुटी पाकिटं विकायला जाऊ नका, तो एक दिवसाचा गल्ला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, कृषी केंद्रवाले तिथं एकत्र सापडतात. पंचवीस-तीस नावं गरजेसह लिहून आणा आणि तीन दिवसांत फोन करा. आठवडा गेला की तुम्ही कोण ते त्यांना आठवत नाही. गटाच्या बायका उमेद या सरकारी बचत गट अभियानात असतील तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस या विक्री प्रदर्शनासाठी तालुका कक्षात नाव द्या. छत्रपती संभाजीनगरला मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत, पण त्यांचा भर कारखानदारीवर आहे. तुम्हाला वाळूजच्या कंपन्यांच्या कॅन्टीन ठेकेदारांपर्यंत पोचायचं असेल तेव्हा तिकडे वळा.

अजून एक, वसमतचे आहात म्हणून. "वसमत हळद" ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मानांकनाचं चिन्ह पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, त्यासाठी जीआय-३ हा अर्ज आहे. नोंदणी न करता चिन्ह छापू नका. नोंदणी झाली की पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराशी बोलताना भावाच्या आधी हाच मुद्दा काढा.

---

हळदीचं गाव

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशोब मांडून बघितला, मेसचा मार्ग पटला. दोन अडचणी विचारते. काही आचारी किलोमागं कमिशन मागतात, मालकाला न सांगता. काय करावं? आणि पावसाळ्यात हळदीत गुठळ्या होतात, तिखटाचा रंग उतरतो, मग दुकानदार माल परत देतो आणि बोलणं बंद करतो.

---

मोंढा रोड

लपून कमिशन देऊ नका, ताई. ते किलोच्या भावात चढवावं लागतं. मालकाने एक दिवस मोंढ्यात भाव विचारला की तुमचं नाव आधी जातं, आचाऱ्याचं नंतर. आणि आचारी बदलला की नवा परत नवं मागतो. त्याऐवजी महिन्याला ठरवलेल्या किलोंच्या वर माल गेला तर बिलावरच दोन टक्के सूट दाखवा, मालकाच्या नावाने. आचाऱ्याला मान वेगळ्या प्रकारे द्या : दळप बदलण्याआधी त्याला विचारा, त्याच्या सांगण्यावरून तिखट जाड-बारीक करून द्या, दिवाळीला त्याच्या घरी एक-एक किलो मसाला उघडपणे, मालकाच्या समोर द्या. यावरही अडून बसला तर ती मेस सोडा, दहा-अकराच तर हव्यात.

---

पूर्णाकाठ

गुठळ्यांचं कारण ओलावा. हळद पावडरीत ओलावा दहा टक्क्यांच्या वर नसावा, हीच अन्नसुरक्षेची मर्यादा आहे. पावसाळ्यात दळायची हळद आधी कोरड्या खोलीत ठेवा. दळल्यावर पावडर गरम असते, तशीच पाऊचमध्ये भरली की आत वाफ धरते. पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. सील तपासायला रोज दर तासाला एक पाऊच हाताने दाबून बघा. हवा सुटली की सीलचं तापमान किंवा सील करणाऱ्या मशीनच्या जबड्यावर साचलेली पावडर हे कारण असतं. तिखटाचा रंग उजेडाने उतरतो. दुकानदाराला पाकिटं दर्शनी काचेत टांगू देऊ नका, किंवा आतून चंदेरी थर असलेला पाऊच वापरा.

तक्रार आली तर फोटो आणि बॅच नंबर मागा, वाद घालू नका, अठ्ठेचाळीस तासांत माल बदलून द्या. त्याच बॅचचा माल जिथं-जिथं गेला त्या सगळ्यांना तुम्हीच आधी फोन करा. म्हणूनच बॅच नंबर आणि कुणाला किती गेला हे वहीत असलं पाहिजे. दुकानात जाल तेव्हा शिल्लक पाकिटं मोजा, तीन महिन्यांच्या वर पडलेली उचलून ताजी ठेवा, आणि ती पाकिटं दुसऱ्या दुकानात फिरवू नका.

---

जमाखर्च

बदलून दिलेल्या मालाची क्रेडिट नोट त्याच महिन्यात काढा आणि रिटर्नमध्ये दाखवा. नाहीतर तुमच्या वहीत बाकी एक आणि दुकानदाराच्या वहीत दुसरी दिसते, आणि मार्चअखेर जुळवणीला बसलं की त्यावरूनच कटकट होते. दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा व्हॉट्सॲपवर पाठवून "बरोबर आहे" असं उत्तर मागून घ्या.